खिशातला कॉम्पॅक्ट की सुरुवातीचा डीएसएलआर? आधी दुसऱ्या लेन्सचे ठरवा

प्रश्न असा आहे: "आजवर सगळे फोटो फोनवरच काढले. आता स्वतंत्र कॅमेरा घ्यायचा आहे. खिशात मावणारा चांगला कॉम्पॅक्ट घ्यावा की सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर? सहा वर्षांची मुलगी आहे, तिचे घरातले आणि मैदानावरचे फोटो हवे आहेत. वर्षातून दोन-तीन प्रवास होतात आणि छायाचित्रण नीट शिकण्याचीही इच्छा आहे. ओळखीतले सगळे डीएसएलआरच घ्या म्हणतात, पण तो सतत बाळगणे जमेल का, याची शंका वाटते."

मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे आणि नवशिक्यांसाठी कार्यशाळाही घेतो, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर अनेक वर्षे येत आला आहे. ज्यांनी तो विचारला त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे काय घेतले आणि घेतलेल्या कॅमेऱ्याचे दोन-तीन वर्षांनी काय झाले, हेही मला जवळून पाहायला मिळाले. त्या अनुभवावरून मला असे वाटते की या प्रश्नाच्या मांडणीतच एक गृहीत दडलेले आहे. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) म्हणजे दर्जा आणि कॉम्पॅक्ट (लेन्स बदलता न येणारा छोटा कॅमेरा) म्हणजे सोय, आता दर्जासाठी सोय सोडायची की सोयीसाठी दर्जा, अशी ती मांडणी असते. हे गृहीत अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे अनेकांची निवड चुकते.

कारण असे की चित्राचा दर्जा एकट्या कॅमेऱ्याच्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) नसतो. लेन्स प्रकाश गोळा करते आणि सेन्सर तो टिपतो, आणि या दोघांच्या जोडीवर पुढचे सगळे अवलंबून असते. सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर बहुतेक वेळा १८-५५ मिलीमीटरच्या किट लेन्ससह, म्हणजे सोबतच मिळणाऱ्या झूम लेन्ससह येतो (मिलीमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ येते) आणि माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्या कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स कधीच चढवली नाही. म्हणून तुलना करायची ती "कॉम्पॅक्ट विरुद्ध डीएसएलआर" अशी नव्हे, तर "कॉम्पॅक्ट विरुद्ध किट लेन्स लावलेला डीएसएलआर" आणि "कॉम्पॅक्ट विरुद्ध चांगली दुसरी लेन्स लावलेला डीएसएलआर" अशी दोनदा करायला हवी. या दोन तुलनांची उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी येतात.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. कोणता कॉम्पॅक्ट, कोणत्या प्रकाशात, किती हालणारा विषय, आणि कॅमेरा दररोज जवळ ठेवण्याची तुमची तयारी किती, या चार गोष्टी ठरल्याशिवाय कोणीही ठामपणे एका बाजूला बोट दाखवत असेल तर त्या सल्ल्यावर विसंबू नका. यांतली पहिली गोष्ट सगळ्यांत जास्त गोंधळाची आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

"कॉम्पॅक्ट" या एका शब्दाखाली अगदी भिन्न जातीचे कॅमेरे विकले जातात. वर्षानुवर्षे सर्वाधिक आढळलेल्या कॉम्पॅक्टमध्ये "१/२.३ इंच" नावाचा सेन्सर असतो. त्याचे माप सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलीमीटर. दुसऱ्या जातीत "१ इंच" सेन्सर असतो, १३.२ गुणिले ८.८ मिलीमीटरचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलीमीटर. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये एपीएस-सी मापाचा सेन्सर असतो. निकॉनमध्ये तो सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलीमीटर, म्हणजे ३६७ चौरस मिलीमीटरच्या आसपास असतो आणि कॅननमध्ये किंचित लहान, ३३२ चौरस मिलीमीटरच्या आसपास. हे "इंच" मोजपट्टीवरचे इंच नव्हेत, हे लक्षात असू द्या. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावे पडली. प्रत्यक्ष चित्र उमटण्याची जागा नळीच्या व्यासाच्या सुमारे दोन-तृतीयांश असे. त्यामुळेच "१ इंच" सेन्सरचा कर्ण खरे तर १६ मिलीमीटरच्या जवळपास भरतो.

या आकड्यांवरून पहिला निर्णय लगेच होतो. १/२.३ इंचाचा साधा कॉम्पॅक्ट तुम्ही घेऊ नये. आजच्या अनेक चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो आणि फोन एकामागोमाग अनेक चित्रे टिपून ती एकत्र करतो, त्यामुळे कमी प्रकाशात तो अशा कॉम्पॅक्टपेक्षा सरस ठरतो. या जातीचा एकच खरा उपयोग उरला आहे, तो म्हणजे लांबचा ऑप्टिकल (लेन्सनेच होणारा) झूम. भर उन्हात दूरचे शिखर किंवा झाडावरचा पक्षी जवळ ओढायचा असेल तर २५-३० पटींचा झूम असलेला प्रवासी कॉम्पॅक्ट ते काम करतो. मात्र झूमच्या त्या टोकाला लेन्सचे तोंड एफ/६ च्याही पलीकडे अरुंद झालेले असते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके तोंड अरुंद) आणि सेन्सर लहान असतो, त्यामुळे ऊन ओसरले की चित्र खरखरीत होऊ लागते. तुमच्या गरजांच्या यादीत असे काही दिसत नाही.

तेव्हा खरी तुलना १ इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट आणि एपीएस-सी डीएसएलआर यांच्यात आहे. सेन्सरच्या क्षेत्रफळात निकॉनचा डीएसएलआर सुमारे ३.२ पट मोठा आहे. छायाचित्रणाच्या भाषेत हा फरक १.६ ते १.७ स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट होणे किंवा निम्म्यावर येणे). इथवर डीएसएलआरची आघाडी स्पष्ट आहे. आता लेन्स पाहू. किट लेन्सचे तोंड रुंद कोनाला एफ/३.५ आणि झूमच्या टोकाला एफ/५.६ इतकेच उघडते. उलट सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ किंवा कॅननचा जी७ एक्स, हे दोन्ही २०१४ सालचे कॉम्पॅक्ट घ्या. त्यांची लेन्स एफ/१.८ पासून सुरू होते आणि झूमच्या टोकालाही एफ/२.८ राहते. एफ/५.६ आणि एफ/२.८ यांत बरोबर दोन स्टॉपचा फरक आहे. म्हणजे डीएसएलआरने सेन्सरवर जे कमावले, ते किट लेन्सने झूमच्या टोकाला पुरते घालवले, वर थोडे अधिकच.

हे कागदावरचे गणित वाटू नये म्हणून संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीचे उदाहरण घेतो. मूल हालत असते, म्हणून शटरस्पीड (सेन्सरवर प्रकाश पडण्याचा वेळ) निदान १/१२५ सेकंद हवा. डीएसएलआरची किट लेन्स ३५ मिलीमीटरवर ठेवली तर तिचे तोंड साधारण एफ/४.५ इतके उघडेल आणि अशा खोलीत आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद किती वाढवला, त्याचा आकडा) ४००० च्या घरात जाईल. तेवढीच चौकट कॉम्पॅक्टमध्ये बसवली तर एफ/२.८ वर आयएसओ १६०० पुरेल, पण सेन्सर लहान असल्यामुळे त्याच्या १६०० वरचा नॉइज (चित्रातली खरखर) डीएसएलआरच्या ५००० वर दिसणाऱ्या नॉइजइतका असेल. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर किट लेन्सचे चित्र केसभर बरे दिसेल, पण फरक शोधावा लागेल. पार्श्वभूमी धूसर होण्याच्या बाबतीतही हेच होते. दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केल्यास किट लेन्स ५० मिलीमीटर, एफ/५.६ वर सुमारे ३६ सेंटीमीटर खोलीचा पट्टा सुस्पष्ट ठेवते, आणि कॉम्पॅक्ट तितक्याच चौकटीत एफ/२.८ वर सुमारे ३२ सेंटीमीटरचा. "डीएसएलआर घेतला की मागचे आपोआप धूसर होते" अशा अपेक्षेने कॅमेरा घेणाऱ्यांची जी निराशा मी पुन्हा पुन्हा पाहिली, तिचे कारण या दोन आकड्यांत आहे.

एका बाबतीत मात्र मोठा सेन्सर किट लेन्ससकटही पुढे राहतो, आणि तेही सांगितलेच पाहिजे. भरपूर प्रकाशात, कमीत कमी आयएसओवर, मोठा सेन्सर एकूण अधिक प्रकाश सामावून घेऊ शकतो. प्रखर आकाश आणि गडद सावली एकाच चौकटीत असेल आणि तुम्ही रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली माहिती) नंतर संगणकावर उजळणार असाल, तर डीएसएलआरच्या सावल्यांत अधिक तपशील आणि कमी खरखर मिळते. निसर्गचित्रे हा तुमचा मुख्य विषय असता, तर या मुद्द्याला मी बरेच वजन दिले असते. छापील आकाराची काळजी मात्र करू नका. २० मेगापिक्सेलचे चित्र ५४७२ गुणिले ३६४८ पिक्सेलचे असते आणि ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ते १८ गुणिले १२ इंचांवर व्यवस्थित छापले जाते. मी स्वतः कॉम्पॅक्टची आणि मोठ्या कॅमेऱ्याची या आकाराची छायाचित्रे शेजारीशेजारी लावली आहेत आणि चांगल्या प्रकाशातली कोणती कोणाची, हे पाहणाऱ्यांना ओळखता आले नाही.

आता दुसरी तुलना. त्याच डीएसएलआरवरची किट लेन्स काढून ३५ मिलीमीटर, एफ/१.८ ची लेन्स लावा. या लेन्सना झूम नसतो, त्या लहान आणि हलक्या असतात आणि लेन्सच्या दुनियेत स्वस्तात स्वस्त गणल्या जातात. त्याच खोलीत, त्याच १/१२५ सेकंदावर, आता आयएसओ ४००० ऐवजी ६४० पुरतो, कारण एफ/४.५ च्या तुलनेत एफ/१.८ सहापट प्रकाश आत घेते. ५० मिलीमीटर, एफ/१.८ ची लेन्स लावून दोन मीटरवरून चेहरा टिपला तर सुस्पष्ट पट्टा ३६ सेंटीमीटरवरून ११-१२ सेंटीमीटरवर येतो. डोळे धारदार आणि मागची भिंत विरघळलेली, असे जे चित्र लोकांच्या मनात "खऱ्या कॅमेऱ्याचे" म्हणून असते, ते इथे मिळते. यापाशी कोणताही १ इंच कॉम्पॅक्ट पोहोचत नाही आणि पोहोचू शकणार नाही, कारण इतक्या रुंद तोंडाची लेन्स खिशात मावण्याजोगी करता येत नाही.

म्हणूनच मी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारतो: पुढच्या एका वर्षात तुम्ही दुसरी लेन्स घ्याल का, आणि घेतलीत तर ती कॅमेऱ्यावर लावाल का? याचे प्रामाणिक उत्तर "हो" असेल तर डीएसएलआरचा मोठेपणा सोसण्यात अर्थ आहे. उत्तर "पाहू पुढे" असेल, तर तुम्ही दर्जाच्या नावाखाली फक्त आकार विकत घेत आहात. माझ्या कार्यशाळेत आलेल्या एका गृहस्थांनी डीएसएलआरसोबत दोन झूम लेन्स घेतल्या होत्या, एक १८-५५ आणि दुसरी लांबची. तीन वर्षे त्यांनी निम्म्याहून अधिक चित्रे घरात काढली आणि सगळी फ्लॅश उघडून, कारण दोन्ही लेन्सचे तोंड अरुंद होते. मी त्यांना एका दुपारपुरती माझी ५० मिलीमीटरची लेन्स वापरायला दिली. खिडकीच्या उजेडात त्यांनी पत्नीची दहा-बारा चित्रे काढली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती बराच वेळ पाहत राहिले. कॅमेरा तोच होता आणि तो तीन वर्षे त्यांच्याच हातात होता, हे मला आजही चुटपुट लावते.

हालत्या विषयाकडे वळू, कारण तुमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि मैदानाचा उल्लेख तुम्ही केला आहे. डीएसएलआरमध्ये आरशाखाली फोकससाठी वेगळा सेन्सर बसवलेला असतो. तो फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे एकाच मोजणीत ओळखतो, त्यामुळे लेन्स थेट योग्य जागी जाते. बहुतेक जुन्या कॉम्पॅक्टमध्ये लेन्स पुढेमागे सरकवत सर्वाधिक सुस्पष्ट जागा शोधली जाते आणि धावणारे मूल तोवर पुढे निघून गेलेले असते. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतून) दिसणारे दृश्य थेट काचेतून येते, त्यात पडद्यासारखा विलंब नसतो, आणि बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंतचा वेळही अल्प असतो. मैदानावर या गोष्टींचे महत्त्व सेन्सरच्या आकाराहून जास्त आहे.

तरीही इथे सरसकट विधान करता येत नाही. सोनीने २०१६ च्या आरएक्स१०० मार्क ५ मध्ये सेन्सरवरच फोकसची ही वेगवान पद्धत आणली आणि त्यानंतरचे तसे कॉम्पॅक्ट धावणाऱ्या मुलांना बऱ्यापैकी पकडतात. उलट निकॉनचा २०१८ चा डी३५०० व्ह्यूफाइंडरमधून चपळ असला तरी मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढायला गेलात की मंदावतो, कारण तिथे तोही शोधत शोधत फोकस करतो. कॅननने सुरुवातीच्या श्रेणीतल्या २०१७ च्या २००डी मध्ये पडद्यावरही वेगवान फोकस दिला. फोनच्या सवयीमुळे तुम्ही पडद्याकडेच पाहून फोटो काढणार असाल तर हा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. व्हिडिओ हा तुमच्यासाठी मोठा विषय असेल तर सुरुवातीच्या डीएसएलआरचा विचार तिथेच थांबवा, कारण चित्रीकरणाच्या वेळी आरसा वर उचललेला असतो, व्ह्यूफाइंडर अंधारलेला असतो आणि त्या कॅमेऱ्याचे मुख्य बलस्थान निरुपयोगी ठरते.

व्ह्यूफाइंडरविषयी आणखी एक बारीक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आरशांची रचना असते आणि तिच्यातून चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. त्यामुळे कडेला न दिसलेली फांदी किंवा कोणाचा हात नंतर चित्रात सापडतो. हा दोष सवयीने सांभाळता येतो. कॉम्पॅक्टमध्ये पडद्यावर पूर्ण चौकट दिसते, पण कडक उन्हात पडदा दिसेनासा होतो, आणि हा त्रास मला अधिक मोठा वाटतो. म्हणून व्ह्यूफाइंडर असलेला कॉम्पॅक्ट मिळाला तर तो निवडावा. चष्मा असेल तर दोन्ही प्रकारांत व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती फिरवून तो आपल्या डोळ्याला जुळवून घ्यावा. कार्यशाळेत "कॅमेरा धूसर दाखवतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम या चकतीनेच झाले आहे.

बाळगण्याचा मुद्दा तुम्ही स्वतःच मांडला आहे आणि तो कमी लेखू नका. डी३५०० बॅटरीसह ४१५ ग्रॅमचा आहे आणि किट लेन्ससह ६०० ग्रॅमच्या पुढे जातो. १ इंच कॉम्पॅक्ट साधारण २४० ते ३०० ग्रॅमचे असतात. पण खरा फरक ग्रॅममध्ये नाही. डीएसएलआरला पिशवी लागते, आणि पिशवी लागली की "आज कॅमेरा न्यायचा का?" हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. कॉम्पॅक्टच्या बाबतीत हा प्रश्न पडतच नाही. तुमच्या फोनमधली गेल्या वर्षभराची चित्रे उघडा आणि त्यांतली तुम्हाला मनापासून आवडणारी पन्नास बाजूला काढा. मग प्रत्येकाकडे पाहून विचारा, त्या क्षणी खांद्यावर पिशवी असती का? ठरवून गेलेल्या प्रसंगांची चित्रे जास्त निघाली तर मोठा कॅमेरा तुमच्याकडे वापरला जाईल. जेवणाच्या टेबलावरची, रस्त्यातली, अचानक घडलेली चित्रे जास्त निघाली, तर मोठा कॅमेरा त्या वेळी कपाटात असेल.

बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर निर्विवाद पुढे आहे. प्रमाणित चाचणीत डी३५०० एका भरणीत १५५० चित्रे काढतो, तर पहिल्या आरएक्स१०० चा आकडा ३३० आहे. कॉम्पॅक्ट घेतलात तर दुसरी बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्या.

धूळ दोघांनाही त्रास देते, पण वेगळ्या प्रकारे. डीएसएलआरमध्ये लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, ती हवेच्या फुग्याने बहुतेक वेळा निघून जाते, आणि लेन्स बदलताना बॉडीचे तोंड खाली धरले तर ती कमीच बसते. कॉम्पॅक्टची लेन्स मात्र नळीसारखी आतबाहेर करते आणि बाहेर येताना हवा आत ओढते. वाळू किंवा बारीक धूळ त्या नळीत शिरली की एक तर लेन्स अडकते किंवा सेन्सरवर डाग बसतो, आणि तो घरी काढता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर वापरलेला माझा एक कॉम्पॅक्ट असाच अर्ध्यावर अडकून बंद पडला आणि दुरुस्तीचा खर्च करण्याजोगा राहिला नाही. तेव्हापासून मी कॉम्पॅक्ट खिशातही छोट्या कापडी पाकिटात ठेवतो, कारण खिशातला धागा-कचराही तेच काम करतो.

शिकण्याविषयी माझे मत प्रचलित समजुतीहून वेगळे आहे. "शिकायचे तर डीएसएलआरवरच" हे वाक्य फिल्मच्या काळातल्या समजुतीतून आले आहे. ॲपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडे, ते), शटरस्पीड आणि आयएसओ हाताने ठरवता येणे आणि रॉ फाइल मिळणे, या शिकण्याच्या दोन अटी आहेत आणि चांगला १ इंच कॉम्पॅक्ट त्या पूर्ण करतो. उलट त्याच्या पडद्यावर एक्स्पोजरचा (चित्र किती उजळ येईल, त्याचा) परिणाम बटण दाबण्याआधी दिसतो, तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये तो चित्र काढल्यावरच कळतो. माझ्या विद्यार्थ्यांत एक्स्पोजरची जाण कॉम्पॅक्टवाल्यांना लवकर आलेली मी पाहिली आहे. डेप्थ ऑफ फील्डची (सुस्पष्ट पट्ट्याच्या खोलीची) जाण मात्र त्यांना उशिरा येते, कारण ॲपर्चर बदलून चित्रात पुरेसा फरकच दिसत नाही. एफ/१.८ ची लेन्स लावलेल्या डीएसएलआरवर हीच गोष्ट दहा मिनिटांत कळते. सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआरवर फिरवायची चकती एकच असते, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये ॲपर्चर बदलायला दुसरे बटण दाबून धरावे लागते. ही अडचण क्षुल्लक नाही, तिच्यामुळे अनेक जण मॅन्युअल मोड सोडून देतात.

इथे आजच्या परिस्थितीचा एक मुद्दा येतो. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपला सारा जोर आता मिररलेस (आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांकडे वळवला आहे आणि नव्या लेन्स त्यांच्यासाठीच येत आहेत. म्हणजे सुरुवातीचा डीएसएलआर आज घेणे बहुधा वापरलेला घेणे ठरते. हे मला वाईट वाटत नाही, कारण त्याच्या जुन्या लेन्स मुबलक आहेत आणि पुढे मिररलेसकडे गेलात तर त्याच कंपनीच्या ॲडॅप्टरने त्यांतल्या बऱ्याच वापरता येतात. मात्र एक खबरदारी घ्या. निकॉनच्या सुरुवातीच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटार नसते, म्हणून लेन्समध्येच मोटार असलेली, म्हणजे एएफ-एस किंवा (डी३५०० सारख्या अलीकडच्या बॉडीवरच) एएफ-पी असे नाव असलेली लेन्स घ्या. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त दिसते, पण तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा फोकस हातानेच फिरवावा लागेल, आणि धावत्या मुलीच्या मागे ते जमणार नाही. कॉम्पॅक्टच्या बाजूलाही असाच एक सापळा आहे: एकाच मालिकेतल्या कॅमेऱ्यांची लेन्स सारखी नसते. आरएक्स१०० मार्क ६ पासून झूम लांब झाला, पण तोंड एफ/२.८ ते एफ/४.५ इतके अरुंद झाले, आणि वर मांडलेले खोलीतल्या उजेडाचे गणित त्याला लागू पडत नाही. रिकोचा जीआर ३ हा आणखी निराळा मार्ग आहे. त्यात डीएसएलआरइतकाच एपीएस-सी सेन्सर सुमारे २५७ ग्रॅमच्या बॉडीत बसवला आहे, पण झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही आणि दृश्याचा कोन रुंदच आहे. मैदानावरच्या मुलीसाठी तो योग्य नाही, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर घरातले फोटो आणि मैदान या दोन गरजा डीएसएलआरकडे झुकतात, पण पहिली गरज फक्त ३५ मिलीमीटर, एफ/१.८ लेन्स घेतलीत तरच. प्रवास आणि बाळगण्याची शंका कॉम्पॅक्टकडे झुकतात. मी तुमच्या जागी असतो तर वापरलेली, सुस्थितीतली सुरुवातीची डीएसएलआर बॉडी आणि ती एक लेन्स घेतली असती, किट लेन्स प्रवासापुरती ठेवली असती आणि अचानकच्या क्षणांसाठी फोनवरच भिस्त ठेवली असती. मैदानावर दूरवरची धाव टिपायला किट लेन्स अपुरी पडेल आणि पुढे कधीतरी लांबची लेन्स लागेल, हे आधीच मनाशी धरून चला. मात्र पन्नास चित्रांच्या चाळणीत तुमचे उत्तर अचानक घडलेल्या क्षणांकडे गेले, किंवा लेन्स बदलण्याचा विचारही नकोसा वाटला, तर संकोच न करता एफ/१.८ ते एफ/२.८ लेन्सचा, व्ह्यूफाइंडर असलेला १ इंच कॉम्पॅक्ट घ्या. त्याने किट लेन्सवरच्या डीएसएलआरपेक्षा तुमचे काही अडणार नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना दुकानातच दोन चाचण्या करा. ॲपर्चर मोडमध्ये (ज्यात ॲपर्चर आपण ठरवतो) एफ/१६ ठेवून (कॉम्पॅक्टमध्ये जास्तीत जास्त जितके असेल तितके) पांढऱ्या भिंतीचे, मुद्दाम फोकस बिघडवून, एक चित्र काढा आणि पडद्यावर मोठे करून पाहा; करडे डाग दिसले तर ती सेन्सरवरची धूळ आहे. डीएसएलआरमध्ये ती साफ होते, कॉम्पॅक्टमध्ये तिथेच व्यवहार थांबवा. मग लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कॉम्पॅक्टचा झूम पूर्ण आतबाहेर दहा वेळा करून आवाज ऐका. डीएसएलआरमध्ये शटर किती वेळा चालले आहे तो आकडा विचारा. या श्रेणीतल्या निकॉनचे शटर १,००,००० वेळांच्या चाचणीचे असते, त्यामुळे १५-२० हजारांवरचा कॅमेरा निर्धास्त घ्यायला हरकत नाही.